लोकर सोवळ्यात, मेंढका उंबऱ्याबाहेर

गुरुचरित्राचा सप्ताह बसवायचा ठरला की घरात धाबळीची शोधाशोध सुरू होते. सात दिवस गादी वर्ज्य, जमिनीवर झोपायचे आणि अंथरायला धाबळी किंवा घोंगडी. जुन्या स्वयंपाकघरांतही हीच रीत होती. सोवळ्यात स्वयंपाक करायचा तर रेशमी कद नाहीतर लोकरीची धाबळी. सुती लुगडे रोज धुऊन, कोणाचा हात न लागता वाळले तरच सोवळे. लोकरीला ती अट नाही. तिकडे खंडोबाच्या जागरणात चौक भरतात तोही घोंगडीवरच. धनगरवाड्यावर देव मांडायचा तर खाली घोंगडीच लागते. ब्राह्मणाच्या देवघरापासून वाघ्या-मुरळीच्या जागरणापर्यंत इतक्या एकमताने मान्य झालेली वस्तू दुसरी क्वचितच सापडेल.

ही लोकर ज्याच्या हातून येते त्याचे काय? नगर जिल्ह्याच्या पठारावर, पारनेर-संगमनेरच्या डोंगरउतारांवर आणि कर्जत-जामखेडच्या माळांवर पिढ्यानपिढ्या मेंढरे चारणारा मेंढका, त्याच्या वाड्यावर सूत कातणारी बाई, मागावर बसणारा खुटेकर किंवा सणगर, यांच्यापर्यंत त्या पावित्र्याचा काही अंश पोहोचला का? वस्तू पवित्र मानणारा तिच्या कर्त्याचे काही देणे लागतो का? प्रश्न धर्माचा आहे आणि बाजाराचाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलाखालच्या नगरमध्ये हे दोन्ही एकमेकांना जितके भिडले, तितके आधी कधी भिडले नसतील.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. मनुस्मृतीत लोकर अनेक ठिकाणी येते आणि प्रत्येक ठिकाणी तिचा चेहरा निराळा आहे. उपनयनाच्या प्रकरणात वैश्याचे यज्ञोपवीत लोकरीच्या सुताचे सांगितले आहे. शुद्धीच्या प्रकरणात रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने शुद्ध होते असे म्हटले आहे. आपद्धर्मात, पोटासाठी व्यापार करायची वेळ आलेल्या ब्राह्मणाने काय विकू नये याची यादी आहे, तिच्यात लोकरीचे वस्त्र आहे. आणि श्राद्धाच्या पंक्तीला कोणाला बसवू नये हे सांगताना मेंढ्या पाळणाऱ्याचे नाव घेतले आहे. ही विधाने एकाच ग्रंथात आहेत, फक्त वेगवेगळ्या अध्यायांत. व्यापाऱ्याच्या खांद्यावर लोकरीचा धागा, आणि तो धागा ज्याने कातरून दिला तो श्राद्धाच्या पानावर नको.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. शुद्धाशुद्ध हा वापरणाऱ्याच्या आचाराचा विषय आहे, त्यात कोणाचा मान-अपमान शोधू नये. गंगेचे पाणी भरून आणणारा कोण, हे तरी आपण कुठे विचारतो? हे उत्तर ऐकायला बरे वाटते, पण टिकत नाही. कारण श्राद्धाचा नियम वस्तूबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. ग्रंथाने माणूस पाहिला होता, ओळखला होता आणि मग बाहेर ठेवला होता. विसर पडून झालेली ही गोष्ट नव्हे.

अर्थात नगरच्या बाजारपेठेत मनुस्मृती उघडून कोणी व्यवहार करत नव्हते. व्यवहार चालत होता रूढीवर. या ग्रंथाला कायद्याचे वजन आले ते इंग्रजी अमलात, विल्यम जोन्सचे भाषांतर १७९४ मध्ये छापून निघाल्यावर आणि कोर्टांनी 'हिंदू कायदा' नावाची वस्तू घडवायला घेतल्यावर. रूढीत निदान गावागणिक वेगळेपण होते. आणि लोकांच्या श्रद्धेत तर शास्त्राच्या अगदी उलट दिशेला जाणारी एक मोठी कथा होती. ती कथा नगर जिल्ह्यातूनच निघते.

खंडोबाच्या दोन बायका सर्वांना ठाऊक आहेत. पहिली म्हाळसा, नेवाशाच्या तिम्मशेठ या लिंगायत वाण्याची लेक. प्रवरेकाठचे नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते गाव, आणि तिथल्या मोहिनीराजाशी म्हाळसेचे नाते लोक आजही जोडतात. दुसरी बाणाई, मालेगावजवळच्या चंदनपुरीची धनगराची मुलगी. देवाचे म्हाळसेशी लग्न सातारा जिल्ह्यातल्या पालीला लागले, पौष पौर्णिमेला, रीतसर. बाणाईचे तसे नाही. सारीपाटात देव म्हाळसेशी हरतो, पणाप्रमाणे बारा वर्षे घर सोडतो आणि धनगराच्या वाड्यावर चाकर म्हणून राहतो. मेंढ्या राखतो, धुतो, वाडा झाडतो. कथेच्या काही रूपांत तो मेंढ्या धुवायला नेतो आणि सगळा कळप मारून टाकतो; बाणाई लग्नाला कबूल झाल्यावर तोच कळप पुन्हा उठवतो.

ही कथा वाण्याच्या आणि धनगराच्या नात्याबद्दल आहे, हे फार थोड्यांनी नीट पाहिले. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्य धनगरांच्या वाड्यांवर आणि ओव्यांत घालवले. त्यांनी ते पाहिले. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात दोन प्रकारची माणसे एकमेकांवाचून जगू शकत नव्हती. एक पेठेत बसून धान्य, मीठ, गूळ, कापड विकणारा. दुसरा चार महिने गावाजवळ आणि आठ महिने वाटेवर असणारा. दोघांचा देव एकच झाला आणि तो दोघांचा जावई झाला. जावई कोणाचा नोकर नसतो. इथे मात्र देव धनगराकडे आधी चाकरी करतो आणि मग जावई होतो. वाण्याच्या घरी त्याला असे काहीच करावे लागले नव्हते. मेंढक्याचे काम स्वतः केल्याशिवाय त्याच्या घरात जाता येत नाही, असे सांगणारी दुसरी दैवतकथा मराठी मुलखात शोधून सापडत नाही.

त्या कथेतही उतरंड आहेच. जेजुरीच्या गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे; बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर. गडावरचा नैवेद्य शाकाहारी, बकऱ्याचा मान खाली. जागरणातल्या गाण्यांत दोघी सवती तोंडाला तोंड देऊन भांडतात, एकमेकींचे माहेर काढतात, मेंढरांच्या वासापासून जेवणापर्यंत सगळे निघते. पण भांडण घरातले आहे. बाणाईला श्राद्धाच्या पंक्तीतून उठवावे तसे कोणी उठवत नाही. अर्ध्या वाटेवर का होईना, तिचे देऊळ आहे आणि तिच्याकडे पाठ करून कोणी वर जात नाही.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि जिल्हा कंपनीच्या हाती आला. भिंगारला छावणी वसली, कचेऱ्या आल्या, रोकड सारा आला. धनगराच्या दृष्टीने यातली सर्वांत मोठी गोष्ट शेवटची. पूर्वी त्याचे उत्पन्न बहुतांशी वस्तूत येत असे. वाघरी लावून शेतात मेंढरे बसवायची, रात्रीच्या खताबद्दल शेतकऱ्याने धान्य द्यायचे. घोंगडी देऊन ज्वारी घ्यायची. आता देणे रोकडीत आणि ठरल्या तारखेला. रोकड ज्याच्याकडे, त्याच्या दाराशी जाण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

या व्यापारातला माल कोणता, ते जवळून पाहायला हवे. दख्खनी मेंढी काळी, काटक, उन्हाला आणि उपासाला तयार. वर्षातून दोनदा कातरणी. आधी नदीत किंवा डोहात मेंढ्या धुवायच्या, अंग वाळले की पाय बांधून आडवी पाडायची आणि कातरीने पाठीपासून पोटाकडे लोकर उतरवायची. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती मऊ. तिची घोंगडी महाग. लोकर पिंजायची, बायकांनी सूत कातायचे, ताणा लावायचा. मग चिंचोके भाजून, भरडून, शिजवून केलेली खळ ताण्याच्या सुताला चोपडायची आणि खड्ड्याच्या मागावर विणायला बसायचे. नवी घोंगडी या खळीमुळे ताठ असते, अंगाला टोचते. वापरता वापरता ती मऊ होते. पावसात तिची खोळ डोक्यावर घेतली की पाणी वरच्या वर निथळते. शेतकऱ्याची छत्री, अंथरूण, पांघरूण आणि धान्य वाळवायची चादर, सगळे त्यातच.

इंग्रजांना ही लोकर पसंत नव्हती. सूट शिवायला ती निरुपयोगी; तिचा तंतू मेरिनोच्या दुपटीहून जाड आणि केसाळ. कंपनीच्या काळातच मेरिनो आणि इंग्लिश जातींचे मेंढे आणून हिंदुस्थानी मेंढ्यांशी संकर करण्याचे प्रयोग सुरू झाले. दख्खनच्या उन्हात त्या परदेशी रक्ताने जीव धरला नाही. मेंढी बदलली नाही, पण तिला मोजायचा गज बदलला. गावच्या गरजेला पुरी पडणारी लोकर जगाच्या बाजारात 'भरड' ठरली आणि तिची प्रत लंडनच्या मापाने लावली जाऊ लागली.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला लोकरीवर एक अख्खी वसाहत उभी राहत होती आणि तिच्या मुळाशी एक धर्मगुरू होता. सॅम्युएल मार्सडेन १७९४ मध्ये न्यू साउथ वेल्सला पाद्री म्हणून आला. त्याने पॅरामाटाला कळप वाढवले, १८०७ मध्ये आपल्या मेंढ्यांची लोकर बरोबर घेऊन तो इंग्लंडला गेला, यॉर्कशरमध्ये तिचे कापड विणून सूट शिवला आणि तो घालून राजा तिसऱ्या जॉर्जसमोर उभा राहिला. राजाने खूश होऊन त्याला आपल्या कळपातल्या मेरिनो मेंढ्या दिल्या. ज्या धर्मात देवालाच चांगला मेंढपाळ म्हटले आहे, त्या धर्माचा हा सेवक. मेंढपाळाला याहून मोठा मान कोणत्या धर्माने दिला? तरीही त्या वसाहतीतले कळप जसजसे पसरले तसतशी तिथल्या मूळ रहिवाशांची शिकारीची राने आणि पाणवठे हिरावले गेले. नगरलाही १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते, आणि ती ऐकणाऱ्या मुलखात खरेखुरे मेंढके होते. मेंढपाळाची उपमा पूज्य असली म्हणून मेंढपाळाचे रान वाचत नाही. हा दोष एकट्या मनुस्मृतीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही, म्हणून मार्सडेनची आठवण काढली.

दख्खनमध्ये रान गेले ते कायद्याने. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगर-टेकड्या राखीव झाल्या, चराईवर बंधने आली, फी आली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा आसूड'मध्ये जंगलखात्याने गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची राने बळकावल्याबद्दल कडक शब्दांत लिहिले आहे. त्याच पुस्तकात त्यांनी कुणबी, माळी आणि धनगर हे मुळात एकच, केवळ धंद्याने तीन झाले, असे मांडले. इथे फुल्यांनी धर्माच्या प्रश्नाला नेमका हात घातला. जो भेद देवाने केला म्हणून सांगतात तो धंद्याने केला असेल, तर धंद्यातला अन्यायही देवाच्या नावावर खपवता येत नाही.

आता वाण्याकडे, म्हाळसेच्या माहेराकडे वळू. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि दंगे पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत पोहोचले. लोकांना हवे होते कर्जरोखे. जिथे ते मिळाले तिथे त्यांची होळी झाली. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार तुलनेने फार थोडे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्यता कायदा केला. सावकारांत गुजर-मारवाडी बरेच होते, म्हणून या घटनेकडे परका विरुद्ध देशी असे पाहिले जाते. ते अपुरे आहे. सावकार तोच होता, पण त्याच्या मागे आता इंग्रजी कोर्ट उभे होते. पूर्वी देण्याघेण्याचा वाद बेलभंडार उचलून, पंचांसमोर, देवाला साक्षी ठेवून मिटवता येत असे. तिथे सावकारालाही त्याच गावात, त्याच देवापुढे उभे राहावे लागे. कोर्टात कागद बोलत होता आणि कागद ऋणकोला वाचता येत नव्हता.

रोखे नष्ट करण्याची एक पवित्र आठवणही या जिल्ह्यापाशी होती. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती, गावचे कुलकर्णी आणि संतचरित्रकार. त्यांनी सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात ही कथा येते: देहूचे तुकोबा वाणी होते, सावकारी घरची होती, वैराग्य आल्यावर त्यांनी कर्जखतांचे दोन वाटे केले, भावाचा त्याला दिला आणि आपला इंद्रायणीत बुडवला. कीर्तनांतून ही गोष्ट गावोगाव गेली होती. सुप्याच्या बाजारातल्या माणसांच्या मनात त्या दिवशी तुकोबा होते असे म्हणायला पुरावा नाही. पण इतके म्हणता येते की या मुलखाच्या धर्मबुद्धीत कर्जाचा कागद ही काही ईश्वरी वस्तू नव्हती. एका वाण्याने तो स्वतःहून सोडला होता आणि लोकांनी त्याला संत म्हटले होते. व्यापार सोडायला त्या कथेत कोणी सांगत नाही. भावाचा वाटा तुकोबांनी त्याला दिलाच. आपल्या वाट्याचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवायचे, एवढेच त्यात आहे.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात माणसे आणि जनावरे दोन्ही मेली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून धावू लागली. रुळांवरून धान्य आले, तसा गिरणीचा मालही आला. हाताने विणलेल्या घोंगडीला स्वस्त पांघरुणाशी झगडावे लागले आणि हा झगडा अजून संपलेला नाही.

नगरच्या व्यापारी जगात लोकरीचे आणखी एक रूप आहे आणि ते सर्वांत कोवळे आहे. श्वेतांबर जैन साधूंच्या काखेत ओघा असतो, लोकरीच्या दशांचा. बसण्याआधी, चालताना, त्याने जागा हलकेच झाडायची म्हणजे मुंगीही चिरडली जाऊ नये. स्थानकवासी आचार्य आनंदऋषीजी १९०० मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मले आणि १९९२ मध्ये नगरलाच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या दर्शनाला येणाऱ्यांत पेठेतले किती व्यापारी असत, हे नगरकरांना सांगायला नको. अहिंसेचे साधन म्हणून लोकर का? ती मऊ आहे म्हणून, आणि प्राणी न मारता मिळते म्हणूनही. हा विचार सुंदर आहे. पण तो पुढे न्यायला हवा. कातरलेली मेंढी जगते हे खरे, मात्र तिला पाळणारा लोकरीवर जगू शकला नाही तर तो मेंढी कसायाला विकतो. लोकरीचे मोल पडले की मांसाचे चढते. म्हणजे लोकरीला रास्त भाव देणे हे दानधर्माचे काम राहत नाही, ते अहिंसेच्याच आचाराचा भाग होते. मुंगीसाठी जागा झाडणाऱ्या परंपरेला ही गोष्ट कळायला कठीण जाऊ नये.

आज नेमके तेच झाले आहे. दख्खनी मेंढी आता मुख्यतः मांसासाठी पाळली जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर संशोधन चालते. मेंढपाळांसाठी राज्य सरकारचे महामंडळही आहे आणि त्याला अहिल्यादेवींचे नाव आहे. पण कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून सुटत नाही, म्हणून अनेक ठिकाणी कातरलेली लोकर माळावरच टाकून द्यावी लागते. देवाच्या दारातल्या दुकानांत घोंगडी म्हणून जे मिळते, त्यात बऱ्याचदा पानिपतच्या गिरणीतले, चिंध्यांच्या पुनर्वापराचे किंवा कृत्रिम धाग्याचे पांघरूण असते. ज्या लोकरीला शास्त्राने आणि लोकाचाराने दोघांनीही शुद्ध मानले, ती टाकाऊ झाली आहे आणि तिची जागा प्लॅस्टिकच्या धाग्याने घेतली आहे. सोवळे पाळणाऱ्यांपैकी हे कोणाच्या मनाला लागल्याचे दिसत नाही.

याचे कारण जुनेच आहे. पावित्र्य वस्तूला चिकटवले आणि माणसापासून सोडवून घेतले, की पुढे वस्तूही बदलली तरी कळत नाही. बाजारही हेच करतो. किंमत वस्तूला चिकटते, हात दिसेनासे होतात. सोवळे आणि बाजार एकमेकांच्या विरोधात आहेत असे आपल्याला वाटते. मेंढक्याच्या बाबतीत दोघांनी मिळून एकच काम केले. त्याउलट खंडोबाची कथा माणसापासून सुरू होते: देव आधी वाड्यावर जातो, काम करतो, मग नाते जुळते. या दोन्हींत निवड करायची तर नगरच्या भाविकाने शास्त्राकडे पाठ करून नेवाशाच्या आणि चंदनपुरीच्या कथेच्या बाजूने उभे राहावे. धर्म म्हणून तीच अधिक खोल आहे.

२०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यानगर नाव मिळाले. जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी १७२५ मध्ये धनगराच्या घरी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, त्यांच्या मागांना काम दिले. घाट आणि देवळे तर देशभर बांधली. देवळे बांधणे आणि माग चालते ठेवणे ही त्यांच्या लेखी वेगळी कामे नव्हती. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात लोकर उकिरड्यावर जावी, ही शरमेची गोष्ट आहे.

पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाची यात्रा भरते तेव्हा हजारो माणसे भंडारा उधळायला जातात. गुरुचरित्राचे सप्ताह गावोगाव बसतात. देवस्थानांच्या विश्वस्तांनी चौकासाठी, पूजेसाठी, मानासाठी लागणारी घोंगडी गिरणीच्या मालातून न घेता थेट विणकराकडून घ्यायची, एवढा एक ठराव करावा. घरी धाबळी आणणाऱ्याने ती लोकरीची आहे का आणि कोणत्या गावच्या मागावरची आहे, हे दुकानदाराला विचारावे. आणि विणकर समोर बसलेला असेल तर तो सांगेल ती किंमत द्यावी, घासाघीस करू नये.